बिनआवाजाचा पलंग

गुंडेराव पांचाळ कुठंही बसायच्या आधी त्या वस्तूचं म्हणणं ऐकून घेत. खुर्ची असो, स्टूल असो की टपरीवरचा बाक असो. तळहात टेकवून जोर द्यायचा, मान तिरकी करून कान खाली न्यायचा, वस्तू एकदा इकडे, एकदा तिकडे हलवायची आणि मग बसायचं. बहुतेक वेळा ते बसायचेच नाहीत. आमच्या क्लासच्या ऑफिसात पहिल्यांदा आले तेव्हा मोठ्या सरांनी, म्हणजे क्लासच्या मालकांनी, समोरची गादीची खुर्ची पुढं केली. गुंडेरावांनी ती हलवून पाहिली आणि उभेच राहिले.

“बसा की,” सर म्हणाले.

“ही लई बोलती,” गुंडेराव म्हणाले, आणि सगळं बोलणं उभ्याउभ्या उरकून गेले. त्यानंतर कित्येक दिवस मोठे सर त्या खुर्चीत बसताना जरा बिचकायचे.

लातुरात क्लासेसचं पीक आलं होतं तेव्हाची ही गोष्ट. भूकंपाला काही वर्षं उलटली होती. पडलेल्या गावांच्या नावानं पुनर्वसनाची गावं उभी राहिली होती आणि शहरात गल्लोगल्ली फिजिक्स-केमिस्ट्रीच्या पाट्या लागल्या होत्या. ज्याला एक हॉल आणि एक फळा मिळाला, तो सर झाला. औसा, रेणापूर, उदगीर, कुठून कुठून पोरं पत्र्याच्या ट्रंका घेऊन स्टँडवर उतरायची. मी मूळचा नांदेडचा. गणित शिकवायला इकडं आलो. बिनलग्नाचा होतो आणि सगळ्यांत नवा, त्यामुळं शिकवून उरलेली कामं आपोआप माझ्या गळ्यात पडली. पंखे, माइक, पाण्याचे टँकर आणि बाक.

बाकांचं दुखणं मोठं होतं. हॉलमध्ये पोरं दाटीवाटीनं कोंबलेली. एकानं मांडी बदलली की अख्खी रांग हलायची आणि करकर सुरू व्हायची. एक रांग थांबेपर्यंत दुसरी. मोठे सर म्हणायचे, “मी काय शिकवतोय ते मलाच ऐकू येत नाही.” माइक वाढवला तर शेजारच्या क्लासचे सर भांडायला यायचे. दोन सुतार येऊन खिळे मारून गेले. आठ दिवस बरं चाललं, मग खिळेही करकरायला लागले. तेव्हा मी गुंडेरावांचं नाव सुचवलं. ते माझे शेजारी होते, यापलीकडं माझी त्यांच्याबद्दलची माहिती शून्य होती.

औसा रोडच्या बाजूला पत्र्याच्या खोल्यांची एक ओळ होती. एका खोलीत मी, शेजारच्या खोलीत गुंडेराव आणि त्यांची बायको, गंगामावशी. मधे एकेरी विटेची भिंत. त्यांच्याकडं तांब्या पडला तरी मला कळायचं. बोलणं मात्र कधी ऐकू आलं नाही, कारण दोघं बोलायचेच कमी.

गुंडेराव गरीब बिचारे वगैरे मुळीच नव्हते. ताठ माणूस. शहरातल्या बाकीच्या सुतारांना ते ‘खिळेठोके’ म्हणायचे आणि तेही त्यांच्या तोंडावर. छताचं काम घेत नसत. चौकट नाही, माळा नाही, भिंतीतली फळीसुद्धा नाही. एका डॉक्टरांना दवाखान्यात लाकडी छत करून हवं होतं. गुंडेरावांनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि विचारलं, “डॉक्टरसाब, इतकं चांगलं लाकूड वर कामून लटकवायलात? खाली ठिवा की.” डॉक्टरांना तो विनोद वाटला. गुंडेराव हत्यारांची पिशवी उचलून निघून आले.

आमच्या क्लासच्या मागं पत्र्याची शेड होती. तिथं त्यांनी बस्तान मांडलं. मी तास संपवून तिथं जाऊन बसायचो, म्हणजे ते ज्याच्यावर बसू देतील त्याच्यावर. ते काम करता करता बोलायचे, आणि बोलायचे ते लाकडाबद्दलच. “लाकूड आपणहून बोलत न्हाई सर. त्येला हालायला जागा मिळाली की बोलतंय.” सांध्यातल्या त्या जागेला ते ढिल म्हणायचे. खिळेठोक्यांना ढिल म्हणजे चूक वाटते, असं त्यांचं म्हणणं. त्यांच्या घराण्यात ती हिशेबानं ठेवायची. लाकडाच्या टोकाला कोरलेला दात खाचेत जाऊन बसला पाहिजे, पण आवळला जाता कामा नये.

“पण मामा, ढिल ठेवली तर बाक करकरणारच,” मी म्हटलं.

“त्येच तर बेजार करायलंय मला,” ते म्हणाले. मला वाटलं, बाकांबद्दल बोलतायत.

गंगामावशी आडवी झोपत नाही, हे मला शेजारी राहून हळूहळू कळलं. पहाटे पाण्याचा टँकर यायचा म्हणून उठलं की ती दारात बसलेली दिसायची. गुडघे छातीशी, डोकं गुडघ्यावर. मध्यान्हीला तशीच, तिन्हीसांजेला तशीच. भिंतीला ती पाठ टेकायची नाही. जमिनीवर पाठ टेकायची नाही, कारण औसा रोडवरून उसाचा ट्रक गेला की खालची जमीन थरथरायची. घरात एक पलंग होता, गुंडेरावांनीच केलेला. ती कधीतरी त्याच्यावर कलंडायची. मग भिंतीतून करकर ऐकू यायची आणि लगेच ती उठून बसल्याची चाहूल. एकदा दार उघडं होतं तेव्हा मी पाहिलं. पलंग वाजला तशी ती बसती झाली आणि पदरानं नाक-तोंड गच्च दाबून धरलं. तशीच बसली, बराच वेळ. गुंडेराव कोपऱ्यात भाकरी खात होते. त्यांनी ताट बाजूला सारलं आणि पलंगाच्या पायाकडं बघत राहिले.

यामागची हकीकत गुंडेरावांनी मला शेडमध्ये सांगितली. मी विचारली नव्हती. पटाशीला धार लावता लावता सांगून टाकली, बाजारात कांदा काय भाव आहे ते सांगावं तशी.

त्यांचं गाव किल्लारीकडचं. गणपती विसर्जन झालं त्या रात्री ते औशाला होते, एका दुकानाचं काम चाललं होतं म्हणून. घरी गंगामावशी, मुलगा आणि सून. घर जुन्या पद्धतीचं, दगडाच्या रुंद भिंती आणि वर मातीचं माळवद. खांब आणि तुळया गुंडेरावांनी स्वतःच्या हातानं बसवलेल्या. पहाटे जमीन हलली तेव्हा भिंती गेल्या.

“पन लाकूड न्हाई पडलं,” ते म्हणाले. “वाकलं. एका अंगाला कललं आन तसंच उभं ऱ्हायलं. सांध्यात ढिल हुती म्हनून. ढिल नसती तर मोडलं असतं आन ही खालीच गेली असती. ही तुळईखाली सापडली, जित्ती. पोरगा आन सून पलीकडच्या खणात.”

पलीकडच्या खणाचं पुढं काही सांगितलं नाही. पटाशीची धार अंगठ्यावर पाहिली.

“दुसऱ्या दिवशी काढलं हिला. तवर ही खाली पडून. वर लाकूड करकरायचं. करकरलं की माती पडायची हिच्या तोंडावर. ही पदर धरायची. मग गप. मग परत करकरायचं.”

मला काहीतरी बोलायला हवं होतं. मी म्हटलं, “चहा सांगू का?” ते म्हणाले, “सांगा.” आम्ही चहा प्यालो. त्या काळात लातुरात असं सांगणारा माणूस दर गल्लीत भेटायचा. कुणाचं कोण गेलं हे आम्ही आडनाव विचारावं तसं विचारायचो आणि ऐकून पुढच्या कामाला लागायचो. मला तेव्हा वाईट वाटलं का? खरं सांगायचं तर आत काही हललंच नाही. तासाची वेळ झाली म्हणून मी उठलो आणि जाऊन पोरांना इंटिग्रेशन शिकवलं.

पण तेव्हापासून एक कळलं, की गुंडेरावांना बाकाचं काहीएक पडलेलं नाही. त्यांना न वाजणारा पलंग करायचा होता. बाकी सगळं करून झालं होतं. बाज आणली, तर तिच्या दोऱ्या वाजल्या. लोखंडी पलंग आणला, तो सगळ्यांत वाईट वाजला. मी शहाणपणानं विटांचा ओटा बांधायचं सुचवलं, तर गुंडेराव म्हणाले, “दगडा-इटांवर ती पाय ठिवती, पाठ न्हाई ठिवायची.” पांढरा डिंक लावून पाहिला, तो लातूरच्या उन्हाळ्यात तडकून मोकळा झाला. आणि ढिल काढून सांधा घट्ट करायची तर गोष्टच नको. ज्या ढिलीनं बायको वाचवली, ती तिच्याच अंगाखालून काढायची, हे त्यांच्या मनाला पटत नव्हतं.

दिवाळीत मी नांदेडला गेलो. माझे मेहुणे शरदराव विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आहेत. त्यांच्यापाशी मी सहज पलंगाचा विषय काढला. भूकंपाचं काही बोललो नाही, नुसतं म्हटलं की एका मामांना न वाजणारा पलंग हवाय. शरदरावांनी कपाटातून एक बाटली काढली. आत काकवीसारखं दाट, तांबूस काहीतरी. पॉलियुरेथेनचा डिंक, मुंबईहून मागवलेला. “हा वाळून घट्ट होत नाही, पाणी पिऊन घट्ट होतो,” शरदराव म्हणाले. “सांधा घट्ट बसता करायचा, एका बाजूला ओलं फडकं फिरवायचं, दुसऱ्या बाजूला हा पातळ लावायचा आणि शिकंज्यात, म्हणजे लाकूड दाबून धरणाऱ्या पकडीत, आवळून ठेवायचं. हाताला लागू देऊ नका, जात नाही.”

ही सगळी वाक्यं मी लातुरात जशीच्या तशी गुंडेरावांना ऐकवली. मी पाण्याच्या वाक्यापाशी आलो तशी त्यांनी मला थांबवलं.

“लाकडाला पानी लावायचं?”

“थोडंसं. नुसतं ओलं फडकं.”

“म्या लहान आसताना लाकूड भिजू दिलं म्हनून बापानं मला चपलीनं हानलं हुतं. आन हितं लातुरात मानसाला प्यायला पानी न्हाई, तुमी डिंकाला पाजायला सांगायलात.”

तरी बाटली ठेवून घेतली. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये गेलो तर गुंडेराव दोन लाकडांच्या जोडासमोर उकिडवे बसले होते. सांध्यातून पिवळट फेस बाहेर आला होता आणि वाळून कडक झाला होता. ते त्याच्याकडं, नव्या वासराकडं बघावं तसं बघत होते. इतक्या दिवसांत त्यांचा चेहरा मी पहिल्यांदाच हललेला पाहिला.

“ह्यो फुगतोय सर. आतून भरून घेतोय. म्हंजी ढिल ठिवली तरी चालतंय. ढिल बी ऱ्हाती आन आवाज बी बंद.”

“पण शरदराव म्हणाले, सांधा घट्ट हवा.”

“त्येनी पलंग केलाय का कवा?”

मग त्यांनी पलंग केला, सांध्यांत नेहमीपेक्षाही जास्त ढिल ठेवून. डिंक सढळ हातानं ओतला. फेसानं सगळ्या फटी गच्च भरल्या, वरून पटाशीनं साफ केलं तर सांधा कुठं आहे ते कळेना. गंगामावशी त्या पलंगावर टेकली आणि खरोखर आवाज आला नाही. गुंडेराव आठवडाभर खिळेठोक्यांना शिव्या देत हिंडले. मग एका दुपारी भिंतीतून करकर आली. बारीक होती, पण होती.

मी बाहेर आलो तोवर त्यांनी पलंग ओढून अंगणात आणला होता आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, म्हणजे मागच्या बोथट बाजूनं, सांधे उकलत होते. आतला फेस बत्ताशासारखा चुरत होता. गंगामावशी दारात बसून बघत होती. पदर तोंडावर होता. शेजारची माणसं जमली. 

त्याच आठवड्यात मी गुंडेरावांना घेऊन नांदेडच्या बसमध्ये बसलो. विष्णुपुरीला शरदरावांनी त्यांच्यासमोर दोन जोड ठेवले, एक सैल बसवून फेसानं भरलेला आणि एक घट्ट. गुंडेरावांनी पहिला गुडघ्यावर ठेवून सहज मोडला. दुसऱ्यावर त्यांनी सगळा जोर लावला. शेवटी शेजारचं लाकूडच चिरलं, सांधा जागचा हलला नाही.

“मामा, फेस जागा भरतो, पण फेसात जोर नसतो,” शरदराव म्हणाले. “जोर पातळ थरात असतो. सांधा घट्ट करा.”

“घट्ट सांधा हालत न्हाई,” गुंडेराव म्हणाले.

“तेच तर पाहिजे ना?”

“जे हालत न्हाई त्ये मोडतं.”

“अहो, पलंगाला कशाला हलायचंय?” शरदरावांनी हसून विचारलं. त्यांना बिचाऱ्यांना काही ठाऊक नव्हतं.

गुंडेरावांनी आपली पिशवी उचलली. परत येताना आम्ही धरणाच्या बाजूला जरा थांबलो. गोदावरीला भरपूर पाणी होतं. लातूरच्या माणसाला इतकं पाणी पाहिलं की गप्प व्हायला होतं. पाण्याकडं बघत ते म्हणाले, “त्ये बरोबर बोलत्यात. मला कळतंय त्ये. पन हात घट्ट करायला धजत न्हाई.” मग बस आली.

आधी त्यांनी तो डिंक आमच्या बाकांवर आजमावला. घट्ट सांधा, ओलं फडकं, पातळ थर, शरदरावांकडून आणलेले शिकंजे. मी म्हटलं, “मामा, घट्ट सांध्याची भीती वाटते ना? मग पोरांना कसं बसवता त्याच्यावर?” ते म्हणाले, “पोरांच्या डोक्यावर न्हाई बाक, बुडाखाली हाय.” पहिली रांग तयार झाली तेव्हा मोठ्या सरांचा तास चालू होता. गुंडेराव सरळ हॉलमध्ये शिरले, पोरांना नव्या बाकांवर बसवलं आणि म्हणाले, “हाला रे समदे. जोरानं.” पोरांना आयतंच निमित्त मिळालं. पोरं अशी हलली की फळ्यावरचा डस्टर खाली पडला. गुंडेराव जमिनीवर पालथे पडून बाकाखाली कान लावून ऐकत होते. मोठे सर हातात खडू घेऊन उभे. बाकातून आवाज आला नाही.

ती बातमी दुसऱ्या क्लासेसपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. पालक पोराला घालायला आले की सरांच्या डिग्र्या बघायच्या आधी बाक हलवून बघू लागले. नांदेडच्याही एका क्लासनं गुंडेरावांना बोलावलं, आणि मोठे सर घरचा आचारी शेजाऱ्यानं पळवल्यासारखे हळहळले. गुंडेरावांना त्यात ना आनंद ना दुःख. बाक झाला की ते ऐकायचे आणि पुढच्याला लागायचे.

त्या डिंकाचा हाताला लागलेला डाग जात नाही. आधी तांबूस दिसतो, मग काळपट होतो, आणि साबण, रॉकेल, राख, कशालाच दाद देत नाही. कातडी झडेल तेव्हा तो जातो. गुंडेरावांचे दोन्ही हात मनगटापर्यंत तसे झाले. एका संध्याकाळी त्यांनी गंगामावशीपुढं पाण्याचा तांब्या धरला. तिनं हातांकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं.

“तुमचे हात तवासारखे दिसायलेत,” ती म्हणाली. मी दारातच होतो. तिचं इतकं लांब वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. तवा म्हणजे कधी, हे विचारायची गरज नव्हती. त्यांनी औशाहून येऊन तिला आणि बाकीच्या दोघांना मातीतून हातांनी उकरून काढलं होतं.

दुसऱ्या दिवसापासून गुंडेराव दुधाच्या रिकाम्या पिशव्या हातांत घालून, मनगटाशी सुतळीनं बांधून काम करू लागले. पोरं खिडकीतून हसायची. डाग जाईपर्यंत त्यांनी बायकोसमोर हात धोतराच्या सोग्यात ठेवले.

मग पलंग. एक अडचण शेवटच्या घडीला ध्यानात आली. पूर्वीचे पलंग खोलून दारातून आत नेता यायचे. हा एकदा चिकटला की चिकटला, आणि खोलीचं दार अरुंद. म्हणून त्यांनी तो खोलीतच जोडला. मी ओलं फडकं धरायला होतो. गंगामावशी दारात बसून सगळं बघत होती. एकेक दात त्यांनी इतका घट्ट कोरला की लाकडी हातोडीशिवाय आत जाईना. पहिल्या सांध्यापाशी ते थांबले. दात खाचेच्या तोंडाशी धरून बसले. मला वाटलं, आता उठतात. मग बायकोकडं पाहून म्हणाले, “घट्ट करायलोय बघ.”

ती म्हणाली, “करा की.”

त्यांनी हातोडी मारली. पुढचे सगळे सांधे त्यांनी एका दमात बसवले. शिकंजे आवळले, बाहेर आलेला थोडासा फेस वाळल्यावर खरवडला आणि तो पलंग त्या खोलीतून कधीही बाहेर निघणार नाही असा उभा राहिला. पट्ट्यांवर गोधडी टाकली. गंगामावशी आधी कडेला टेकली. थांबली. मग पाय वर घेतले. मग एका कुशीवर कलंडली आणि तशीच डोळे उघडे ठेवून पडली. आम्ही दोघं खाली जमिनीकडं बघत उभे.

“वाजत न्हाई?” तिनं विचारलं.

“न्हाई.”

“मग खाली काय हाय का न्हाई?”

“हाय की. म्या केलाय,” गुंडेराव म्हणाले.

ती झोपली. भरदुपारी, दार सताड उघडं, रस्त्यावरून ट्रक चाललेले. मी माझ्या खोलीत आलो आणि कॉटवर बसलो. भिंतीतून काहीही ऐकू येत नव्हतं. मला रडू आलं नाही, पण बरं वाटलं, आणि ते बरं वाटणं मला नीट ओळखू आलं. कित्येक दिवसांत तसं काही वाटलं नव्हतं.

पुढच्या महिन्याभरात गंगामावशीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. ती नळावर बायकांशी बोलू लागली. एकदा मला म्हणाली, “सर, तुमी लई बारीक झालात, जेवत जावा.” गुंडेराव मात्र खंगत चालले. डोळे लाल, काम करता करता डुलकी लागायची. एकदा त्यांनी करवत चालवता चालवता बाकाचा पायच अर्धा कापला, आणि त्यांच्या हातून असं कधी होत नसे. पहाटे टँकर आला की आता दारात ते बसलेले दिसायचे.

मी विचारलं तेव्हा आधी उडवून लावलं. मग म्हणाले, “झोप लागत न्हाई सर.”

“आता काय झालं? पलंग तर गप्प आहे.”

“त्येच की.” ते बराच वेळ रंधा साफ करत राहिले. “आधी करकरला की मला कळायचं, ती हालली. हालली म्हंजी हाय. इतकी वर्सं त्येच ऐकून झोपलो म्या. आता तिकडं कायच न्हाई. ती हाय का न्हाई, कळत न्हाई. उठून नाकाशी हात धरून बगतो. हात धरला की ती दचकून जागी हुती आन पदर घेती तोंडावर. मग हात बी धरत न्हाई. बसतो.”

“मग एखादा सांधा जरासा मोकळा करा ना. थोडा वाजेल इतका.”

त्यांनी माझ्याकडं पाहिलं. रागानं नव्हे. एखाद्या ढ पोराकडं मी वर्गात पाहायचो तसं पाहिलं.

“इतक्या वर्सांनी आडवी झाली ती. आता माझ्यासाठी उठवू व्हय तिला?”

असं म्हणून त्यांनी रंधा घेतला आणि काम सुरू केलं.

वर्ष सरता सरता मोठ्या सरांनी नांदेडला शाखा काढली आणि मला तिकडं पाठवायचं ठरलं. मला घरी जायला मिळणार होतं, मी लगेच हो म्हणालो. सामान म्हणजे एक ट्रंक आणि पुस्तकांचा गठ्ठा, ते सकाळीच स्टँडवर पोचवलं होतं. बस दुपारची होती. निघताना निरोप घ्यावा म्हणून शेजारच्या दाराशी गेलो. दार उघडंच होतं.

गंगामावशी पलंगावर गाढ झोपली होती, तोंड उघडं, पदर बाजूला पडलेला. खाली चटईवर गुंडेराव झोपले होते. मी त्यांना असं पाय पसरून झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. लाकडावर रेघ आखायची त्यांची सुती दोरी पलंगावरून खाली आली होती. तिचं एक टोक गंगामावशीच्या मनगटाला, बांगड्यांच्या खाली, सैलसं बांधलेलं. दुसरं गुंडेरावांच्या अंगठ्याला.

मी हाक मारणार होतो. तेवढ्यात तिनं झोपेतच कूस बदलली. पलंग वाजला नाही. दोरी ताणली गेली, गुंडेरावांचा अंगठा जरा वर उचलला गेला, आणि डोळे न उघडता ते म्हणाले, “हाय.”

मी चप्पल हातात घेतली आणि तसाच अनवाणी बसस्टँडच्या रस्त्याला लागलो.